इटलीचे भरीत

डिलाईल रोडवर, म्हणजे आजच्या ना. म. जोशी मार्गावर, कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी आमटीची आंबट चव गावाहूनच आणली, ती आमसुलाची. पास्त्यावरचा टोमॅटोचा सॉस त्यांना साहेबी थाट वाटला असता. पण टोमॅटो अमेरिकेचा, इटलीतही पाहुणाच! नेपल्सच्या आंतोनियो लातिनीने १६९२ साली निघालेल्या ग्रंथात सॉसची कृती दिली, तीही ‘स्पॅनिश तऱ्हेची’ म्हणून. टोमॅटो निखाऱ्यावर भाजून सोलायचे, चिरून कांदा, मिरची, मीठ, तेल, व्हिनेगर घालायचे. अहो, हे तर भरीत! खानावळीतल्या कोणाही बाईने ओळखले असते. पास्त्याशी त्याची गाठ पडायला आणखी शंभरेक वर्षे लागली. भाजलेले टोमॅटो तेल-लसणीवर परतून मंद आचेवर आटवावेत. मीठ मात्र शेवटी, नाहीतर आटता आटता खारट होते.