पडद्यामागचे धनी
मे १९६८. अमेरिकेतील आरसीए कंपनीने द्रवस्फटिकांचा चपटा पडदा पत्रकारांपुढे मांडला. जॉर्ज हाइलमायर आणि सहकाऱ्यांचे हे संशोधन. कंपनीची कमाई मात्र जाडजूड पिक्चर ट्यूबवर. दुभत्या गाईच्या मुळावर येणारे संशोधन कोण पोसणार? १९७६ मध्ये तिने तो व्यवसाय घड्याळे बनवणाऱ्या टाइमेक्सला विकून टाकला.

जपानच्या शार्पने तेच तंत्र १९७३ मध्येच खिशातल्या कॅल्क्युलेटरमध्ये बसवले होते. पुढे तीही मागे पडली; २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉनच्या हाती गेली.

आज मॉनिटरवर नाव कोणाचेही असो, आतले पॅनेल बहुतेकदा चिनी कंपनीचे असते. त्यांतली अग्रणी बीओई. तिचा जन्म झाला बीजिंगमधील एका जुन्या सरकारी कारखान्यातून, आणि तो कारखाना बनवत असे इलेक्ट्रॉन ट्यूब!