सहा सेंटमधलं काश्मीर

आजचा विषय नशेचा आहे, पण लेख पूर्ण शुद्धीत लिहिलाय. गेले तीन वीकेंड मी एकोणिसाव्या शतकातली काही पुस्तकं वाचतोय. अफू आणि गांजाच्या अमलाखाली काय दिसतं हे ज्यांनी पाश्चात्त्य साहित्यात पहिल्यांदा सविस्तर लिहून ठेवलं, त्यांची ही पुस्तकं. सगळी कॉपीराइटच्या बाहेरची, त्यामुळे नेटवर फुकट मिळतात. वाचताना डोक्यात एकच प्रश्न होता: या लोकांना जे दिसलं ते आलं कुठून? गोळीतून, की आणखी कुठून?

सुरुवात आपल्याकडूनच करू, कलकत्त्यातून. विल्यम ओ'शॉनेसी नावाचा आयरिश डॉक्टर कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात रसायनशास्त्र शिकवत होता. १८३९ साली या माणसाने दोन उद्योग केले. एक म्हणजे कलकत्त्याजवळ प्रयोगादाखल तारायंत्राची लाइन टाकली. पुढे डलहौसीच्या काळात कलकत्ता, आग्रा, मुंबई आणि मद्रास तारेने जोडण्याचं काम याच साहेबांनी केलं. २०१३ साली बंद झालेल्या आपल्या तारखात्याचा हा मूळपुरुष. दुसरा उद्योग म्हणजे गांजावरचा निबंध. बाजारात सर्रास मिळणारा हा पदार्थ त्याने आधी जनावरांना दिला, मग संधिवात, कॉलरा, धनुर्वाताच्या रोग्यांना दिला आणि जे दिसलं ते वेळेसकट लिहून ठेवलं. आमच्या भाषेत सांगायचं तर चक्क लॉग ठेवला.

हा लॉग वाचायला मजा येते. संधिवाताच्या एका रोग्याला दुपारी दोन वाजता एक ग्रेन, म्हणजे साधारण ६५ मिलिग्रॅम राळ दिली. चार वाजता तो भरपूर बडबड करतोय, गाणी म्हणतोय, जास्तीचं जेवण मागतोय आणि आपण ठणठणीत बरे आहोत असं सांगतोय. सहा वाजता झोपलाय. कॉलेजातल्या काही विद्यार्थ्यांवरही प्रयोग झाले. त्यांतला एक एरवी अगदी बुजरा मुलगा. अर्क पोटात गेल्यावर तो राजा झाला आणि दरबाऱ्यांना हुकूम सोडू लागला. हा राजा जरा लक्षात ठेवा.

१८४१ साली ओ'शॉनेसी रजेवर इंग्लंडला गेला, तो सोबत गांजा घेऊन. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या पीटर स्क्वायर या औषधविक्रेत्याने त्यापासून अर्क बनवला. काही वर्षांतच असे अर्क अटलांटिकच्या दोन्ही बाजूंच्या औषधांच्या दुकानांत दिसू लागले.

गंमत अशी की अमली साहित्याचा पहिला मोठा लेखकही याच रस्त्यावर 'सुरू' झाला होता. थॉमस डी क्विन्सी. १८०४ साली चेहऱ्याच्या आणि दातांच्या दुखण्यावर औषध म्हणून त्याने ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या एका दुकानातून अफू घेतली. तेव्हा अफू चिठ्ठीशिवाय मिळायची. १८२१ साली 'लंडन मॅगझिन'मध्ये त्याची 'कन्फेशन्स ऑफ अ‍ॅन इंग्लिश ओपियम-ईटर' ही लेखमाला आली आणि एक साचा तयार झाला: आधी सुख, मग यातना आणि मधे भलीमोठी स्वप्नं.

ती स्वप्नं वाचताना मी दचकलोच. त्यांत आशिया आहे, आणि तो भयंकर आहे. मगरी आहेत, देवळं आहेत, आणि ब्रह्मा, विष्णू, शिव या पठ्ठ्याच्या मागे लागलेत. आपल्याकडे देवळाबाहेर चप्पल काढून ज्यांना नमस्कार करायचा, ते त्रिदेव साहेबांना घाम फोडतायत! आता लक्षात घ्या, डी क्विन्सी आयुष्यात कधी आशियात आला नाही. एक मलायी माणूस एकदा त्याच्या दाराशी आला होता, बाकी सगळा आशिया पुस्तकांतला. अफूने त्याला पूर्वेकडे नेलं नाही. डोक्यात आधीच भरलेली पूर्व तिने बाहेर काढली.

आता पॅरिस. जाक-जोसेफ मोरो हा मनोविकारांचा डॉक्टर इजिप्त आणि आसपासचा प्रदेश फिरून आला होता. वेड आतून कसं असतं ते बघायचं तर हशीश खावं, असं त्याचं म्हणणं. १८४५ साली त्याने त्यावर ग्रंथच लिहिला. सेन नदीतल्या एका बेटावर पिमोदां नावाचा जुना वाडा आहे. तिथे चित्रकार बुआसारच्या घरी लेखक-चित्रकार जमायचे आणि 'दावामेस्क' खायचे. म्हणजे हशीश, तूपसदृश स्निग्ध पदार्थ, साखर, पिस्ते आणि मसाले घालून केलेला हिरवा लगदा. आपल्याकडच्या भांगेच्या माजूमचा चुलतभाऊच म्हणा ना.

तेओफिल गोतिएने याच्यावर १८४३ साली एका दैनिकात आणि १८४६ साली एका मोठ्या नियतकालिकात लिहिलं. पहिल्या लेखात तो म्हणतो की ही अवस्था तीनशे वर्षं टिकल्यासारखी वाटली. घड्याळात पाहिलं तर पंधरा मिनिटं झाली होती. दुसऱ्यात विचित्र चेहऱ्यांची जत्रा आहे, आणि सोबत 'पर्वतावरचा म्हातारा' आणि त्याच्या हशीश खाणाऱ्या मारेकऱ्यांची दंतकथा.

बाल्झाकचा किस्सा सर्वांत भारी. डिसेंबर १८४५ मध्ये तो या वाड्यावर गेला. नंतर मादाम हान्स्काला पत्रात त्याने कळवलं की आपला मेंदू इतका दणकट की पूर्ण अंमल चढलाच नाही, तरी स्वर्गीय आवाज ऐकू आले, दिव्य चित्रं दिसली आणि वाड्याचा जिना उतरायला वीस वर्षं लागली. आणि बोदलेर काय लिहितो? बाल्झाकने तो पदार्थ हातात घेतला, निरखला, हुंगला आणि न खाता परत दिला. दोघं दोन वेगळ्या संध्याकाळींबद्दल बोलत असतीलही. पण समजा बोदलेर खरा असेल, तर न खाताही बाल्झाकला जे 'दिसायला हवं' ते बरोब्बर ठाऊक होतं. एव्हाना त्या अनुभवाची पटकथा तयार झाली होती.

आता या साखळीची शेवटची कडी. फिट्झ ह्यू लडलो, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावातल्या पाद्र्याचा मुलगा. याला गावातल्या औषधांच्या दुकानात रमायची सवय. दुकानदाराशी दोस्ती, त्यामुळे क्लोरोफॉर्म, ईथर असं सगळं हुंगून झालेलं. १८५४ च्या वसंतात तिथे एक नवी बाटली दिसली: टिल्डन कंपनीचा, हिंदुस्थानी गांजाचा अर्क. कशावर देतात, तर धनुर्वातावर. म्हणजे ओ'शॉनेसीचा कलकत्त्यातला प्रयोग पंधरा वर्षांत, जग ओलांडून, एका सतरा वर्षांच्या पोरासमोरच्या फळीवर येऊन बसला होता. त्याच सुमारास बेयर्ड टेलरने दमास्कसमध्ये हशीश खाल्ल्याचं वर्णन 'पटनम्स' मासिकात छापून आलं होतं, आणि लडलोने ते वाचलं होतं. वर्णन आणि बाटली यांची त्याने लगेच सांगड घातली. १० ग्रेनपासून सुरुवात, काही झालं नाही. वाढवत वाढवत ३० ग्रेनवर गेला आणि मग झालं.

हिशोब करा: ३० ग्रेन म्हणजे जवळपास दोन ग्रॅम अर्क. कोणत्या बाटलीत किती जोर हे कुणालाच ठाऊक नव्हतं, कारण त्यातला मुख्य घटक नेमका वेगळा काढून ओळखला गेला तो १९६४ साली, इस्रायलमध्ये. पहिल्या रात्री आपण मरतोय असं वाटून पोरगा डॉक्टरच्या घरी धावला. पण पुढे चटक लागली. सहा सेंटमध्ये जगभर प्रवास, असा त्याने स्वतःच गमतीत हिशोब मांडलाय.

'द हशीश ईटर' हे त्याचं पुस्तक १८५७ साली निनावी आलं. एका प्रकरणाच्या नावात काश्मीर आणि कॅथे, म्हणजे चीन. दुसऱ्याच्या नावात चक्क आपल्या 'अमृता'चा प्याला. पोरगा फिरतोय पोकिप्सीच्या आसपासच्या रानात. त्याच्या दृश्यांत पूर्वेकडची साम्राज्यं आहेत आणि पाद्र्याच्या घरात वाढल्यामुळे स्वर्ग, नरक आणि शेवटचा न्यायही आहे. पुस्तक डी क्विन्सीसारखं वाटतं हा आक्षेप येणार हे त्याला माहीत होतं, म्हणून प्रस्तावनेतच त्याने उत्तर देऊन ठेवलंय.

आता सगळे लॉग शेजारी शेजारी ठेवून बघू. एक गोष्ट सारखी परत येते, ती म्हणजे काळाचं ताणलं जाणं. गोतिएची तीनशे वर्षं, बाल्झाकचा जिना, लडलोची तासांएवढी मिनिटं. अफूवाल्या डी क्विन्सीलाही एका रात्रीत सत्तर-शंभर वर्षं जगल्यासारखं वाटायचं. हा भाग बहुधा पदार्थाचा. पण आत काय दिसलं ते प्रत्येकाचं वेगळं, आणि ते ज्याच्या-त्याच्या कपाटातलं. पाद्र्याच्या मुलाला बायबल, 'अरेबियन नाइट्स'वर पोसलेल्यांना खलिफा, कलकत्त्याच्या बुजऱ्या मुलाला दरबार. आणि संधिवाताने बेजार झालेल्या त्या रोग्याला? भरपूर जेवण. मला तर हेच सर्वांत प्रामाणिक दर्शन वाटतं.

बोदलेरने १८६० सालच्या 'कृत्रिम स्वर्ग' या अर्थाच्या नावाच्या पुस्तकात हेच म्हटलंय: हशीश हा वस्तू मोठी दाखवणारा आरसा आहे, पण शेवटी आरसाच. तो माणसाला माणूस स्वतः असतो त्यापलीकडचं काही देत नाही, आणि बदल्यात इच्छाशक्ती घेतो. हे प्रवचन नव्हतं. तो स्वतः वर्षानुवर्षं अफूच्या अर्कावर होता आणि १८६७ साली ४६ व्या वर्षी गेला. गोतिएने दहाएक प्रयोगांनंतर नाद सोडला. खऱ्या लेखकाला स्वतःची स्वप्नं पुरतात, असं त्याचं मत झालं. लडलोची गोष्ट सर्वांत चटका लावणारी. व्यसनाशी त्याची झटापट पुढेही चालू राहिली. शेवटच्या वर्षांत तो अफूच्या विळख्यात सापडलेल्या लोकांना मदत करत होता. १८६७ साली त्यांच्याबद्दल 'हार्पर्स'मध्ये त्याने कळवळून लिहिलं. १२ सप्टेंबर १८७० ला, चौतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी, तो जिनिव्हात क्षयाने गेला.

या रंगीत वर्णनांचा आणखी एक परिणाम झाला. १८९३-९४ मध्ये इंग्रज सरकारने गांजा, भांग, चरस यांवर एक आयोग नेमला. त्याने हजाराहून जास्त साक्षी घेतल्या, सात खंडांचा अहवाल दिला आणि निष्कर्ष काढला की माफक सेवनाने फारसं नुकसान होत नाही, अतिरेकाने होतं. सरसकट बंदी नको. कंटाळवाणा, पण आकडेवारीवर उभा असलेला अहवाल. उलट 'हशीश खाणारे मारेकरी' ही कथा शत्रूंनी रचलेली दंतकथा आहे हे आता इतिहासकारांनी दाखवून दिलंय, पण तीच लोकांच्या डोक्यात बसली. १९३७ साली अमेरिकेत गांजाविरुद्धचा कर-कायदा आला, त्याच वर्षी तिथल्या अमली पदार्थ खात्याचा प्रमुख हॅरी अ‍ॅन्सलिंगर याने गाजवलेल्या लेखाच्या नावातच 'असासिन' हा शब्द होता. चांगली गोष्ट आणि चांगला डेटा यांची झुंज लागली की कोण जिंकतं हे आपल्याला मीटिंगांमधून माहीत आहेच.

हे सगळं आज का लिहितोय? कारण आमच्या क्षेत्रात अधूनमधून कुणीतरी मान डोलावत सांगतं की अमुक घेतलं की क्रिएटिव्हिटी वाढते, तमुक घेतलं की कोड सुचतो. कायद्याचं सोडा (भांगेची पानं वगळता गांजा आणि चरस १९८५ पासून देशभर बेकायदा आहेत, तेव्हा खरं तर सोडूही नका). पण हा प्रयोग पावणेदोनशे वर्षांपूर्वी, आपल्यापेक्षा कितीतरी जास्त प्रतिभेच्या माणसांनी, स्वतःच्या अंगावर करून झालाय. निकाल छापलेला आहे. आत जे होतं तेच बाहेर आलं, फक्त मोठं होऊन. आणि ते कागदावर आलं तेही नंतर, टेबलाशी बसून, खाडाखोड करत.

वाचायचंच असेल तर लडलोपासून सुरुवात करा. भाषा जुनी आहे, वाक्यं लांबलचक आहेत, पण पहिली चार-पाच प्रकरणं सुटत नाहीत. सोबत ओ'शॉनेसीचा निबंध ठेवा. आधी एक वाचा, मग दुसरा. एकाच झाडाबद्दल चाललंय यावर विश्वास बसणार नाही.