पेटी आलेख (बॉक्स प्लॉट)

पेटी आलेख हा सांख्यिकीय माहितीचे वितरण पाच संख्यांच्या साहाय्याने दर्शवणारा आलेख आहे. लघुतम मूल्य, पहिले चतुर्थक, मध्यक, तिसरे चतुर्थक आणि महत्तम मूल्य या त्या पाच संख्या होत. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ जॉन टुकी यांच्या १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या 'एक्स्प्लोरेटरी डेटा ॲनालिसिस' या ग्रंथामुळे हा आलेख सर्वत्र रूढ झाला. दोन किंवा अधिक गटांची एकाच मोजपट्टीवर तुलना करण्यासाठी तो विशेष उपयुक्त ठरतो.

रचना

पहिल्या व तिसऱ्या चतुर्थकांदरम्यान आयत काढतात; यालाच पेटी म्हणतात. तिच्यात मधली सुमारे ५० टक्के मूल्ये येतात. पेटीतील आडवी-उभी रेषा मध्यक दर्शवते, तर पेटीच्या लांबीस आंतरचतुर्थक विस्तार म्हणतात. पेटीच्या टोकांपासून या विस्ताराच्या १.५ पटीपेक्षा अधिक दूर असलेली मूल्ये सुधारित पेटी आलेखात सुट्या बिंदूंनी दाखवतात.

ग्राफिंग कॅल्क्युलेटरवरील कृती

टीआय-८४ प्लस या कॅल्क्युलेटरवर एका वेळी तीन सांख्यिकीय आलेख काढता येतात. 'स्टॅट' कळ दाबून 'एडिट' पर्यायात प्रत्येक गटाची मूल्ये स्वतंत्र यादीत भरतात. त्यानंतर 'स्टॅट प्लॉट' यादीतील तिन्ही आलेख सुरू करून पेटी आलेखाचा प्रकार निवडतात व प्रत्येकास एकेक यादी नेमून देतात. 'झूम' यादीतील नववा पर्याय पडद्याची मर्यादा माहितीनुसार ठरवतो. 'ट्रेस' कळ दाबल्यावर डाव्या-उजव्या बाणांनी पाच संख्या वाचता येतात आणि वर-खाली बाणांनी एका आलेखावरून दुसऱ्यावर जाता येते.

उदाहरण

रोनाल्ड फिशर यांनी १९३६ साली वापरलेल्या आयरिस फुलांच्या माहितीत तीन प्रजातींची प्रत्येकी ५० फुले आहेत. ही मोजमापे एडगर अँडरसन यांनी घेतली होती. पाकळीच्या लांबीच्या पाच संख्या (सेंटिमीटरमध्ये, वरील क्रमाने) अशा येतात:

* सेटोसा : १.०, १.४, १.५, १.६, १.९
* व्हर्सिकलर : ३.०, ४.०, ४.३५, ४.६, ५.१
* व्हर्जिनिका : ४.५, ५.१, ५.५५, ५.९, ६.९

सेटोसाचा आलेख इतर दोहोंपासून पूर्णपणे वेगळा पडतो. व्हर्सिकलर व व्हर्जिनिका यांच्या पेट्या एकमेकींवर येत नाहीत; तथापि ४.५ ते ५.१ या पट्ट्यात दोन्ही प्रजातींची फुले आढळत असल्याने केवळ पाकळीच्या लांबीवरून तेथील प्रत्येक फूल ओळखता येत नाही. व्हर्सिकलरचा आंतरचतुर्थक विस्तार ०.६ असल्याने खालची सीमा ३.१ येते आणि ३.० हे मूल्य सुटा बिंदू ठरते.

मर्यादा

सर्व १५० फुले एकाच यादीत भरल्यास पेटी १.६ पासून ५.१ पर्यंत पसरते व मध्यक ४.३५ येतो. प्रत्यक्षात १.९ व ३.० यांच्या दरम्यान एकही फूल नाही, परंतु ही पोकळी पेटीच्या आत लपून जाते. स्तंभालेखात ती दिसते. त्यामुळे मिश्र माहितीचे गट आधी वेगळे करणे आवश्यक असते. गटातील मूल्यांची संख्याही आलेखावरून कळत नाही. तसेच चतुर्थके काढण्याच्या पद्धती एकाहून अधिक असल्याने कॅल्क्युलेटर व संगणक यांच्या उत्तरांत किंचित फरक पडू शकतो. सेटोसाचे तिसरे चतुर्थक काही संगणक प्रणाली १.५७५ असे देतात.