उन्हात शिजलेलं मांस

गुरांना माणसासारखं हासळीचं हाड नसतं. पुढच्या अंगाचा बराच भार छातीच्या स्नायूंवर पडतो, म्हणून छातीचं मांस चिवट. टेक्सासमध्ये जर्मन आणि चेक खाटकांनी धुराच्या भट्टीची परंपरा रुजवली. तिथे ओकच्या लाकडावर हे मांस दहा-बारा तास ठेवतात. भट्टी नसेल तर भांड्याचं तोंड घट्ट बंद करून ओव्हनच्या मंद आंचेवर तासन्‌तास. दोन्हीकडे युक्ती एकच: चिवट धागे विरघळेपर्यंत आंच टिकवायची.

वाशीमच्या काळ्या रानात मात्र एवढी आंच आणायची कुठून? कापूस निघाला की पऱ्हाट्या, तूर निघाली की तुराट्या. भसकन पेटतात, तितक्याच लवकर विझतात. त्यात महारवाड्यात येणारं मांस बहुधा वर्षानुवर्षं औत ओढून मेलेल्या बैलाचं. गावातलं मेलेलं ढोर ओढून नेणं हे महारकीचं काम आणि त्याचं मांस हा त्या कामाचा हक्क. परंपरेनं सांगितल्या जाणाऱ्या बावन्न हक्कांत तो धरला जाई. ढोर मेलं की मांस एकदम पदरात पडे; पुढचं कधी मिळेल याचा नेम नसे.

यावर तोड होती चान्यांची.

मांसाच्या लांब, पातळ पट्ट्या कापायच्या आणि दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या. पातळ कापल्यानं चिवटपणा मोडतो, पाणी उडाल्यानं मांस नासत नाही. खडखडीत वाळल्या की तुकडे करून मडक्यात भरायचे. पावसाळ्यात हाताला काम नसे तेव्हा तेच तुकडे निखाऱ्यावर टाकायचे. चरबी सुटून चरचरली की तिखट-मिठाबरोबर ज्वारीची भाकरी. नाहीतर डाळीत शिजवायचे. तेलाची गरजच नाही, आणि घरात ते बहुधा नसेही. पऱ्हाटीचा क्षणभराचा जाळ एवढ्या कामाला पुरे, कारण उरलेलं काम उन्हानं आधीच उरकलेलं असे.

मेलेल्या ढोराचं मांस हा हक्क होता, पण त्याच्याच पोटात विटाळाचा शिक्काही होता. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडण्याचं आवाहन केलं. गावोगावी लोकांनी ढोरं ओढणं बंद केलं आणि अनेक ठिकाणी त्यापायी गावकीचा बहिष्कारही सोसला. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात झालेल्या धर्मांतरानंतर विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांत जुन्या महारकीशी नातं तोडणं ही स्वाभिमानाची बाब झाली. चान्यांची दोरी अंगणातून उतरली ती कुणी हिसकावली म्हणून नव्हे. घरच्यांनीच ती उतरवली.

सरकारी बंदी नंतरची. १९७६च्या कायद्यानं राज्यात गाईची कत्तल थांबली. मार्च २०१५ मध्ये बैल आणि वळूही त्यात आले. म्हैस बाहेर राहिली. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं ही कत्तलबंदी उचलून धरली, पण परराज्यातून आणलेलं गोमांस बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं.

बंदी वाढली त्याच २०१५ साली शाहू पाटोळे यांचं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक बाजारात आलं. वाशीमला खेटून असलेल्या मराठवाड्यातल्या दलित स्वयंपाकाची ही नोंद. तेल-तूप-दुधाविना होणारे पदार्थ आणि मांसाच्या एकेका भागाचा वापर त्यात आहे. पाककृतींच्या पुस्तकांनी ज्या चुलीकडे कधी वळून पाहिलं नव्हतं, तिचा हिशेब त्या चुलीवर वाढलेल्या माणसानं मांडला. २०२४ मध्ये तो इंग्रजीतही गेला.