पांगुळगाडा आणि स्केटबोर्ड

स्केटबोर्डला आपण मराठीत नाव दिलेलं नाही. (ज्ञानदेवांनी भिंत चालवली ती बसून, त्यामुळे तो दाखला इथे चालणार नाही!) पण मुलाला चाकांच्या आधाराने तोल शिकवणं आपल्याला नवं नाही. पांगुळगाडा आठवा. तीन लाकडी चाकं आणि धरायला आडवा दांडा, एवढंच. गाडा पुढे सरकतो आणि मूल त्याच्यामागे पाऊल टाकतं.

हे दोन्ही एकाच घरात मला दिसले ते जुनी इंदूरमध्ये. इंदूरचं मूळ गाव हेच. होळकर येण्याआधी इथे मंडलोई जमीनदारांची वस्ती होती. मल्हाररावांच्या मागून मराठी कुटुंबं माळव्यात आली, त्यांतली कित्येक इथलीच होऊन गेली. अशाच एका घरी उतरलो होतो. माळ्यावर धूळ खात पडलेला पांगुळगाडा, आणि खाली अंगणात सहा वर्षांचा नातू नव्या कोऱ्या स्केटबोर्डवर. आजोबा त्याचे दोन्ही दंड धरून ओढत होते. पोरगा मागे झुकलेला, गुडघे ताठ. फळी पुढे पळायची आणि हा आजोबांच्या हातांत लोंबकळायचा.

शेजारची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कठड्यावरून हे बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "दादाजी, आप मत पकड़ो, उसको पकड़ने दो."

मला वाटतं, सगळी विद्या या एका वाक्यात आहे. मोठ्याने दंड धरला की मुलाचा भार त्याच्यावर जातो आणि तोल सांभाळायचं काम मुलाकडे उरतच नाही. मोठ्याने नुसते हात पुढे केले आणि मुलाने ते धरले, तर भार पायांवर राहतो. नको वाटलं की मूल आपणच सोडतं. पांगुळगाड्याचा दांडा नेमकं हेच करतो. मूल त्याला धरतं, तो मुलाला धरत नाही. मूल आत बसवायचा प्लास्टिकचा वॉकर याच्या अगदी उलटा. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली.

मुलीने आजोबांना बाकीचंही सांगितलं. आधी फळी गवतावर ठेवा, म्हणजे चाकं पळणार नाहीत. गुडघे वाकवायला लावा. कोणता पाय पुढे ते मुलालाच ठरवू द्या. हेल्मेट तर हवंच.

मूळ स्केटबोर्ड काही मोठं यंत्र नव्हतं. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पोरांनी फळीला रोलर स्केटची चाकं ठोकली. ती चाकं धातूची, नंतर मातीची. खडा आला की फळी जागच्या जागी थांबायची आणि पोरगा पुढे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्रँक नॅसवर्दीने युरेथेनची चाकं आणली आणि खेळ बदलला. गॅरेजमधून मागून आणलेल्या जुन्या बेअरिंगची आपली गाडी त्याच जातीची, फक्त आपण तिच्यावर बसायचो.

मध्य प्रदेशात या खेळाचं खरं नाव झालं ते इंदुरात नव्हे, पन्ना जिल्ह्यातल्या जनवार या खेड्यात. उल्रिके राइनहार्ट या जर्मन बाईंनी २०१५ मध्ये तिथे काँक्रीटचं स्केटपार्क उभं केलं. नियम दोन: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. आदिवासी आणि यादव पोरं एका फळीवर आली, ही त्या गावात लहान गोष्ट नव्हती. तिथल्या आशा गोंडने २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत भाग घेतला. आपल्याकडे पुण्याच्या श्रद्धा गायकवाडने २०२२ च्या गुजरातमधल्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं; तिचे वडील सुरक्षारक्षक.

जनवारला मोठी मुलं लहानांना शिकवतात. आजोबांना जे शेजारच्या मुलीने सांगितलं, ते तिथे आठ वर्षांचं पोर पाच वर्षांच्या पोराला सांगत असणार, बुंदेलीत.