पन्नास वर्षं उशिरा मिळालेलं पदक

बर्फाचा एक उंच उतार डोळ्यांसमोर आणा. खेळाडू पायांना स्की बांधून त्यावरून भन्नाट वेगानं घसरत येतो, टोकाशी अंग झोकून देतो आणि खाली बर्फावर टेकेपर्यंत हवेतच असतो. हे स्की जंपिंग. यात नुसतं लांब जाऊन भागत नाही. हवेत शरीराचा डौल कसा होता, पाय कसे टेकले, याचेही गुण परीक्षक देतात. मग सगळ्याची आकडेमोड. आजची गोष्ट या आकडेमोडीचीच आहे.

फ्रान्समधल्या शामोनी गावी १९२४ साली हिवाळी खेळांचा सप्ताह भरला. पहिलं हिवाळी ऑलिंपिक म्हणून त्याला मान्यता मिळाली ती मागाहून. ४ फेब्रुवारीला उड्यांची स्पर्धा झाली. ऑलिंपिकमध्ये मोठी टेकडी आणि छोटी टेकडी अशा दोन स्पर्धा १९६४ पासून सुरू झाल्या. शामोनीत एकच होती. आज ती मोठ्या टेकडीच्या यादीत धरतात.

नॉर्वेचा याकोब टुलिन थाम्स पहिला आला, नार्वे बोन्ना दुसरा. (हा थाम्स पुढे १९३६ साली शिडाच्या होडीतही ऑलिंपिकचं रौप्यपदक घेऊन गेला, पण तो वेगळा विषय.) तिसरा जाहीर झाला थॉर्लाइफ हाउग, त्याच सप्ताहात तीन सुवर्णपदकं जिंकलेला नॉर्वेचा लाडका वीर. चौथा अँडर्स हाउगेन, अमेरिकी संघाचा कर्णधार. जन्मानं तोही नॉर्वेचाच, तरुणपणी अमेरिकेत गेलेला. त्या दिवशीची सर्वांत लांब, ५० मीटरांची उडी त्याचीच होती, पण डौलात तो मागे पडला असं धरलं गेलं. हाउग, हाउगेन ही नावं ऐकताना घोळ होतो खरा. प्रत्यक्षातला घोळ मात्र नावांचा नव्हता.

तो सापडायला १९७४ साल उजाडलं. शोधणारा कोण? थोराल्फ स्ट्रॉमस्टाड, हाउगचाच संघसोबती. शामोनीत दोन शर्यतींत हाउगच्या मागे दुसरा आलेला! जुने गुण पाहताना त्याला हिशेब जुळेना. याकोब वागे या स्की-इतिहासकारानं तो तपासला. हाउगच्या नावावर १८.००० गुण लागले होते, ते हवे होते १७.८२१. हाउगेनचे होते १७.९१६. ऑलिंपिक समितीनं दुरुस्ती मान्य केली.

दुसऱ्याच देशाच्या खेळाडूचा हक्क, आणि तोही आपल्या दिवंगत सोबत्याकडून काढून द्यायचा. स्ट्रॉमस्टाड गप्प बसला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता. मला या साऱ्या हकिकतीत मोठा वाटतो तो हा माणूस.

हाउगला यातलं काहीच कळलं नाही. न्यूमोनियानं तो १९३४ सालीच, अवघ्या चाळिशीत गेला होता. दुरुस्ती कागदावर करूनही चाललं असतं. पण १९७४ च्या सप्टेंबरात ऑस्लोमध्ये हाउगची मुलगी वडिलांचं ते कांस्यपदक घेऊन आली आणि पंच्याऐंशी वर्षांच्या हाउगेन यांच्या हाती तिनं ते स्वतः दिलं.