दुरुस्तीच्या दुकानापासून रात्रीच्या पहाऱ्यापर्यंत

पैठणहून बोलतोय म्हटल्यावर तुम्हाला वाटेल, आज सातवाहन किंवा पैठणी. तर नाही. आजचा इतिहास जेमतेम 35 वर्षांचा आहे: रात्री आपल्या बँकेच्या कॉम्प्युटरवर नजर कोण ठेवतं, आणि हा धंदा आपल्या महाराष्ट्रात कसा वाढला.

सुरुवात पुण्यात होते. सातारा जिल्ह्यातले कैलास काटकर दहावीनंतर रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले. 1990 मध्ये 15 हजार रुपयांत स्वतःचं दुकान टाकलं. मग ऑफिसांमध्ये कॉम्प्युटर आले, तसं त्यांच्या देखभालीचं काम मिळू लागलं. म्हणजे वर्षाचा करार करायचा, मशीन बिघडलं की जायचं. हे ‘देखभाल’ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

धाकटे भाऊ संजय पुण्यातच कॉम्प्युटर शिकत होते. त्या काळात व्हायरस फ्लॉपीतून फिरायचा. मायकेलअँजेलो नावाचा एक तर वर्षभर गप्प बसून बरोबर 6 मार्चला डिस्कवरचा डेटा उडवायचा! दुरुस्तीला येणारी बरीच मशीनं आतून आजारी निघायची. संजयनी त्यावर प्रोग्राम लिहिले, त्यातूनच क्विक हील आलं. कंपनीचं नाव आधी कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस होतं, ते 2007 मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. 2010 मध्ये सिक्वोयाने 60 कोटी गुंतवले, फेब्रुवारी 2016 मध्ये शेअर बाजारात नोंदणी झाली. डबा विकत घ्या, सीडी टाका, वर्षभर निवांत. बरीच वर्षं हेच चाललं.

डब्याने भागत नाही हे पुण्यातच दिसलं. 11 ऑगस्ट 2018, शनिवार. कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत घुसलेल्यांनी कार्ड व्यवहार मंजूर करणारी एक खोटी प्रणाली उभी केली होती. एटीएम विचारायचं, पैसे देऊ का? उत्तर बँकेऐवजी चोर द्यायचे, “दे!” काही तासांत 28 देशांतून सुमारे 78 कोटी निघाले. सोमवारी स्विफ्टमधून आणखी जवळपास 14 कोटी हाँगकाँगला गेले. देशातल्या एटीएममधले अडीच कोटी धरून एकूण 94 कोटी.

आमच्या जायकवाडीला 27 दरवाजे आहेत. पण पावसाळ्यात पैठणचा जीव दरवाजांवर नाही, रात्री पाणीपातळी बघत जागणाऱ्या माणसावर असतो. कॉम्प्युटरचंही तेच. कुलूप किती भारी आहे यापेक्षा, कुलूप हललं तर कुणाला कळणार?

पण जागायला माणसं लागतात. आठवड्यात तास 168. एक माणूस 48 तास काम करतो असं धरा, तर एका खुर्चीला चार माणसं. सुट्ट्या-आजारपण धरलं की पाच. आणि एकटा माणूस रात्री काय काय बघणार? एवढे पगार तालुक्याच्या बँकेला झेपणारच नाहीत. म्हणून एकच टीम अनेकांचा पहारा करते, खर्च वाटून घेतला जातो. मॅनेज्ड सिक्युरिटी म्हणतात ती हीच. क्विक हीलही कंपन्यांसाठीच्या सेक्राइट या ब्रँडखाली आता अशी सेवा विकते. मला गंमत याची वाटते की गाडी फिरून परत वर्षाच्या करारावरच आली, फक्त आता बिघडायच्या आधी जायचं.

नियमांनीही हा धंदा वाढवला. रिझर्व्ह बँकेने जून 2016 मध्ये बँकांना चोवीस तास पाळत ठेवणारं केंद्र उभारायला सांगितलं. नागरी सहकारी बँकांना मूलभूत नियम आले ऑक्टोबर 2018 मध्ये, म्हणजे कॉसमॉसनंतर दोनच महिन्यांनी. डिसेंबर 2019 मध्ये त्यांचे चार स्तर केले. असं केंद्र सक्तीचं झालं ते सगळ्यात वरच्या स्तराला. 2022 पासून सर्ट-इनचा आदेश आहे: हल्ला कळल्यापासून 6 तासांत कळवा, 180 दिवसांच्या नोंदी ठेवा.

आपल्या गल्लीतली पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या या नियमांत बसतच नाही, ती सहकार खात्याकडे. आजीची पेन्शन, उसाचं बिल, सगळं तिथेच. आणि पहारा विकत घेतला तरी एक प्रश्न उरतोच. रात्री दोनला पुण्याहून फोन आला, “सर्व्हर बंद करू का?” तर हो म्हणायचा अधिकार कुणाला? मॅनेजर झोपलेत, चेअरमन लग्नाला गेलेत. ते नाव आणि नंबर करारात लिहिलेलं असतं का, हे तुमच्या शाखेत जाऊन विचारा. काय उत्तर मिळतं ते मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.